दार सव्वादोन फुटांचं, खुर्ची पंचवीस इंचांची

ताई, नमस्कार.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडवर एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. लिफ्ट आहे. गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याला दुचाकीवर अपघात झाला. पाठीच्या बाराव्या मणक्याजवळ मज्जारज्जूला इजा झाली. कमरेखाली हालचाल नाही, संवेदनाही नाही. हात-खांदे मात्र धडधाकट आहेत. वय एकोणचाळीस. दोन महिने पुनर्वसन केंद्रात राहून ते दिवाळीच्या आधी घरी आले. तिथे पलंगावरून व्हीलचेअरवर आपले आपण सरकायचे, आंघोळही स्वतः करायचे. घरी आल्यापासून सगळं थांबलं.

बेडरूमच्या बाथरूमचं दार सव्वादोन फुटांचं आणि व्हीलचेअर २५ इंच रुंद. दारात ग्रॅनाइटची पट्टी आहे आणि आतली जमीन आणखी खाली. पॅसेजमधल्या बाथरूमचं दार अडीच फुटांचं आहे, पण पॅसेजच तीन फुटांचा, तिथे खुर्ची वळत नाही. आंघोळ म्हणजे पलंगावर ओल्या टॉवेलने अंग पुसणं. शौचाला न्यायचं तर मी आणि शेजारचे दादा, ते नसले तर वॉचमन, असे दोघं मिळून उचलतो. ह्यांना त्याची इतकी लाज वाटते की रात्री अर्धी पोळी खाऊन उठतात. लघवीसाठी स्वतः नळी घालतात, पण भांडं मला रिकामं करावं लागतं म्हणून दुपारनंतर पाणी जवळजवळ बंद.

घरमालक काका साताऱ्याला असतात. माणूस वाईट नाही, पण ‘टाइल्सना हात लावायचा नाही, खालच्या घरात गळती झाली तर कोण निस्तरणार’ असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. करार चार महिन्यांनी संपतोय. कायद्याने त्यांना भाग पाडता येईल का? की आम्ही घरच बदलावं? पंधरा-वीस हजारांपर्यंत खर्च झेपेल.

— एक वाचक, पुणे

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रातल्या अर्ध्या पोळीपाशी मी थांबले. दार, पट्टी, मालक हे सगळं पुढे बोलूच, पण त्याआधी पाण्याचं. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाने पाणी कमी केलं की लघवी दाट होते, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग व्हायला आणि खडे धरायला वाट मिळते. खाणं कमी केलं की शौचाची वेळ टळत नाही, बद्धकोष्ठ होतं आणि उलट जास्त वेळ बसावं लागतं. पुनर्वसन केंद्रातून पाण्याचं आणि नळी घालण्याचं जे वेळापत्रक दिलं असेल ते आजपासून पुन्हा सुरू करा. त्यांना पटत नसेल तर डॉक्टरांशी फोनवर त्यांचं थेट बोलणं करून द्या. आणि एक झाकणाचं, मापाच्या रेघा असलेलं भांडं घ्या. झाकण लागलं की ते भांडं खुर्चीवर स्वतःच्या मांडीवर ठेवून त्यांना नेता येतं. बाथरूमच्या दारापर्यंत ते जाऊ लागले की रिकामंही तेच करतील. आज लगेच सुधारेल अशी ही एवढीच गोष्ट आहे, म्हणून सगळ्यात आधी सांगितली.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजार-अपघातानंतर रोजची कामं पुन्हा आपली आपण करता यावीत म्हणून मदत करणारी. बरीच वर्षं घरोघर जाऊन हेच काम करते. घरात शिरले की लोक मला बाथरूम दाखवायला नेतात. मी म्हणते, आधी पलंग दाखवा. कारण वाट पलंगापासून सुरू होते. तुमच्याकडे चांगली गोष्ट ही आहे की बेडरूमचं बाथरूम पलंगाच्या खोलीतच आहे, म्हणजे वाट छोटी आणि घरातल्या बाकीच्यांच्या नजरेआड. पॅसेजमधलं दार तीन इंचांनी मोठं असलं तरी ते विसरा. तीन फुटांच्या पॅसेजमध्ये काटकोनात वळून अडीच फुटांच्या दारात शिरणं तयार माणसालाही जमत नाही. व्हीलचेअरला एका जागी पूर्ण फिरायला साधारण पाच फुटांचं वर्तुळ लागतं. समोरासमोरचं अरुंद दार हे वळणावरच्या रुंद दारापेक्षा नेहमी बरं.

आता दार मोजा. सव्वादोन फूट हे तुम्ही कुठून कुठे मोजलंत? चौकटीच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत २७ इंच असतील, तरी दार उघडून उभं राहिलं की त्याची जाडी, इंच-सव्वा इंच, त्याच मोकळ्या जागेत येते. उरले पावणेसव्वीस. २५ इंचांची खुर्ची त्यातून कशीबशी जाईल, पण चाक फिरवणाऱ्या हाताच्या बोटांना जागाच नाही. पहिल्याच दिवशी त्यांची बोटं सोलवटतील आणि ते पुन्हा जायचं नाव काढणार नाहीत. म्हणून त्यांची नेहमीची व्हीलचेअर आत नेण्याचा हट्ट सोडून द्या. ती पलंगाशी राहू दे. आत जाईल ती दुसरी खुर्ची.

तिला दुकानात ‘शॉवर कमोड चेअर’ म्हणतात. चार लहान चाकं, मध्ये भोक असलेली सीट, आणि खाली मोकळी जागा, म्हणजे ती खुर्ची मागे सरकवत थेट कमोडच्या वर नेऊन उभी करता येते. रुंदी बहुतेक २१-२२ इंचांत बसते. पलंगावरून तिच्यावर एकदा बसलं की शौच, आंघोळ दोन्ही तिच्यावरच, आणि परत पलंगावर. दिवसातून एकदाच सरकायचं. तुमच्या पंधरा-वीस हजारांतला मोठा हिस्सा या खुर्चीवर घाला. स्वस्तातल्या चार-पाच हजारांतही मिळतात, पण त्यांची सीट कडक प्लास्टिकची असते आणि तुमच्या घरात ती चालणार नाही. त्यांना खाली संवेदना नाही. आपण कडक जागी बसलो तर पाच मिनिटांत चुळबुळ करतो. त्यांचं शरीर ती सूचना देतच नाही, आणि माकडहाडाशी, बैठकीच्या हाडांशी जखम धरते. एकदा धरली की महिनोन्‌महिने पालथं झोपावं लागतं. तेव्हा सीट जाड, मऊ आणि पाणी न शोषणारी हवी. तरीही वीस मिनिटांच्या आत उठायचं, आणि रोज रात्री आरशाने त्यांनी स्वतः ती कातडी बघायची. तुम्ही नाही, त्यांनी. केंद्रात हे शिकवलं असणार.

खुर्ची घेण्याआधी कमोडची तीन मापं लागतील. सीट-झाकण खाली असताना जमिनीपासूनची उंची, सीट-झाकण वर केल्यावरची उंची, आणि भांड्याची रुंदी. खुर्चीखालची मोकळी उंची आणि दोन पायांमधलं अंतर यांहून थोडं जास्त हवं. झाकण आणि सीट दोन्ही वर केली तर दीड-दोन इंच मिळतात. पुष्कळदा खुर्ची अडते ती इथेच. दुसरी अडणारी जागा म्हणजे मागची टाकी. खुर्चीला मागे आडवी दांडी असेल तर ती टाकीला लागते आणि भोक कमोडच्या पुढे येतं. दुकानदाराला सांगून खुर्ची घरी आणा, कमोडवर लावून बघा, मगच पैसे द्या. सर्जिकल वस्तूंची बरीच दुकानं असं करू देतात, भाड्यानेही देतात. एक महिना भाड्याने घेऊन बघितलीत तर सर्वांत उत्तम.

आणि प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून ‘जुगाड’ करू नका. ओल्या फरशीवर त्या खुर्चीचे पाय बाहेरच्या बाजूला फाकतात. कमरेखाली ताबा नसलेल्या माणसाला पडताना सावरता येत नाही.

आता पट्टी. ती फोडायचा विचार कुणी सुचवेल, ऐकू नका. ती पट्टी बेडरूममध्ये पाणी येऊ देत नाही, आणि ती मालकाची आहे. तिच्यावरून जायचं. फूटपट्टी उभी धरून मोजा: बेडरूमच्या फरशीपासून पट्टी किती वर, आणि पट्टीपासून आतली फरशी किती खाली. पुण्यातल्या बहुतेक इमारतींत बाहेर साधारण एक इंच आणि आत दोन इंच निघतं. उताराचं सर्वमान्य प्रमाण एकास बारा, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. बाहेर एक फूट, आत दोन फूट. बाहेरचा तुकडा वॉटरप्रूफ प्लायचा चालेल, वर खरबरीत रबर चिकटवून. आतला प्लायचा करू नका, महिनाभरात फुगेल. खिडक्यांच्या ग्रिल बनवणारा फॅब्रिकेटर असतो ना, त्याच्याकडे ॲल्युमिनियमची चेकर्ड शीट असते, बसच्या पायरीला लावतात तसली ठिपक्यांची. तिचा दोन फुटी उतार, खाली छोटे पाय, पायांना रबरी टोप्या. खालून पाणी वाहून जाळीकडे जायला हवं, म्हणून बाजू बंद करू नका. दोन्ही तुकडे नुसते ठेवलेले, पट्टीला आकडीने अडकवलेले. एकही खिळा नाही. घर सोडताना काखेत मारून न्या.

लहान चाकांची खुर्ची पट्टीवरून पुढून ढकलली तर चाक अडतं आणि बसलेला माणूस पुढे झुकतो. उलटी न्या, पाठ बाथरूमकडे, तुम्ही आत उभ्या राहून हळू ओढायची. तसंही कमोडवर पाठमोरंच जायचं असतं, म्हणजे आत गेल्यावर वळवायलाही लागत नाही.

इथे खरं सांगते, दारापासून कमोडपर्यंतच्या या दोन-तीन फुटांसाठी सुरुवातीला त्यांना तुमचा हात लागेल. चार लहान चाकांची खुर्ची बसलेल्याला स्वतः चालवता येत नाही. मागे मोठी चाकं असलेल्या शॉवर खुर्च्या मिळतात, पण त्या रुंद असतात आणि महाग. पण उचलण्यात आणि ढकलण्यात फार फरक आहे. शेजारचे दादा नकोत, वॉचमन नको. तुम्ही आत नेऊन, ब्रेक लावून, बाहेर या. पुढचं सगळं त्यांचं.

बाथरूमचं दार मात्र काढून ठेवा, म्हणजे त्याच्या जाडीने अडलेली जागा मोकळी होईल. दार काढलं म्हणजे आडोसा गेला असं समजू नका. बिजागऱ्यांचे स्क्रू काढले की दार निघतं. स्क्रू पिशवीत घालून त्याच दाराला चिकटवा, दार माळ्यावर ठेवा, जाताना पुन्हा बसवा. त्या जागी ताणून बसणारा दांडा मिळतो, भोक न पाडता चौकटीत घट्ट अडकतो. त्यावर बाहेरून जाड कापडी पडदा, आतून प्लास्टिकचा. आणि खरी कडी बेडरूमच्या दाराची. तेवढ्या वेळात बेडरूमचं दार आतून बंद, बाकीच्यांनी टकटक केल्याशिवाय यायचं नाही, घरातल्या मोठ्यांनीसुद्धा. हे तुम्हीच सगळ्यांना एकदा सांगून टाका, त्यांना सांगावं लागू नये. आणखी एक फायदा: तुमचं दार आत उघडणारं असेल तर ते निघालेलंच बरं. आत कुणी पडलं तर शरीर दाराला टेकतं आणि बाहेरून ढकलूनही उघडत नाही.

धरायच्या दांड्यांबद्दल, म्हणजे बारबद्दल, तुम्ही काही विचारलं नाही, पण कुणीतरी व्हॅक्यूमने चिकटणारे बार घ्यायला सांगेलच. त्यांच्यावर शरीराचा भार टाकायचा नाही, कधीच. टाइल ओली झाली, थोडी हवा शिरली की सुटतात, आणि सुटायच्या आधी सांगत नाहीत. कमोडच्या बोल्टांत बसणारी स्टीलची फ्रेमही मिळते, भोक न पाडता. एरवी ती मला आवडते, पण कमोडवर सरकणारी खुर्ची आणि ही फ्रेम एकत्र चालत नाहीत, खुर्ची आत शिरतच नाही. त्यामुळे तुम्हाला भिंतीतलेच दोन बार लागतील. एक कमोडच्या बाजूच्या भिंतीवर आडवा, त्यांच्या कोपराच्या उंचीला, म्हणजे एका हाताने धरून एका बाजूला झुकता येईल आणि दुसऱ्या हाताने धुता येईल. दुसरा आंघोळीच्या जागी. प्रत्येक बाराला दोन टोकं, प्रत्येक टोकाला तीन स्क्रू. एकूण बारा भोकं. हा आकडा लक्षात ठेवा, मालकाशी बोलताना लागेल.

बार स्टेनलेस स्टीलचे, ३०४ दर्जाचे, मुठीत भरतील असे जाड, साधारण दीड इंच. भिंत आणि बार यांत दोन इंचांहून जास्त फट नको, नाहीतर हात कोपरापर्यंत अडकतो. नळांच्या सरळ वर ड्रिल लावू द्यायचं नाही, पाइप तिथूनच वर गेलेले असतात. भिंत विटांची आहे की सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकची, हे सोसायटीत विचारा. सिपोरेक्समध्ये स्क्रूसाठी भोकात ठोकायचा साधा प्लास्टिकचा फिशर धरत नाही, भोकात रसायन भरून बसवायचा अँकर लागतो. बसवल्यावर चोवीस तास हात लावायचा नाही आणि मग तुम्ही दोघा-तिघा जणांनी पूर्ण वजन टाकून ओढून बघायचं. माझ्या वडिलांनी एकदा तोल गेला म्हणून वॉशबेसिन धरलं होतं. बेसिन भिंतीतून निघून त्यांच्या पायावर पडलं. टॉवेलचा दांडा, नळ, बेसिन ही धरायची जागा नाही, पण पडणारा माणूस जवळ असेल तेच धरतो. म्हणून धरायला खरं काहीतरी हाताशी हवंच.

पाण्याचं गरमपण हा माझ्या काळजीचा विषय आहे, त्यावर जरा जास्त बोलते. एका घरी मी गेले तेव्हा तिथल्या तरुणाच्या दोन्ही पावलांवर मोठे फोड होते. बादलीत आधी गिझरचं पाणी सोडलेलं, गार मिसळायचं राहिलं, आणि पाय त्यात. त्याला कळलंच नाही, तो मोबाइलवर बोलत होता. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी खोल भाजतं, ५० अंशांना त्याला काही मिनिटं लागतात. साठवणीच्या गिझरचा थर्मोस्टॅट इलेक्ट्रिशियनकडून कमी तापमानावर लावून घ्या. घरात नियम एकच: आधी गार, मग गरम, आणि पहिला मग त्यांच्या स्वतःच्या हातावर. हाताला संवेदना आहे, तोच त्यांचा थर्मामीटर. धातूची गरम तोटी मांडीला टेकणार नाही अशी खुर्ची लावा.

हँड शॉवरसाठी प्लंबरने भिंत फोडायची गरज नाही. डोक्यावरच्या शॉवरची तबकडी आट्यांवरून फिरवून निघते. त्याच आट्यांवर पाच फुटी लवचीक पाइपचा हँड शॉवर बसतो, जुनी तबकडी जपून ठेवा. पाणी कमी दाबाने येत असेल किंवा ते बादली-मगच पसंत करत असतील तर बादली जड, न हलणाऱ्या स्टुलावर त्यांच्या मांडीच्या उंचीला ठेवा. जमिनीवरच्या बादलीकडे वाकताना माणूस खुर्चीतून पुढे घसरतो. साबण, मग, टॉवेल सगळं बसल्या जागी हात पोचेल तिथे. हूकही खाली. आणि बिनतारी घंटा, तीन-चारशे रुपयांची, तिचं बटण गळ्यात किंवा बाराला बांधून. मग तुम्ही स्वयंपाकघरात निवांत राहू शकाल आणि ‘झालं का, झालं का’ असं दर दोन मिनिटांनी विचारावं लागणार नाही. ते विचारणं त्यांना किती लागतं, हे त्यांच्याकडूनच ऐका कधीतरी.

पलंगाचंही बघा. गादीसकट पलंग आणि शॉवर खुर्ची यांची उंची सारखी हवी, नाहीतर एकीकडून दुसरीकडे जाताना चढ होतो. पलंग खाली असेल तर पायांखाली खाच असलेले लाकडी ठोकळे सुताराकडून करून घ्या. सरकताना खुर्चीची मागची बाजू भिंतीला टेकवा आणि चारही ब्रेक लावा. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर लहान चाकं ब्रेक लावूनही सरकतात. आंघोळीनंतर बाहेर येताना आधी चाकं पुसा. पायपुसणं ठेवू नका, ते चाकाखाली गोळा होतं.

आता काका.

कायद्याचं विचारलंत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात सुगम्यतेचा भर सरकारी आणि सार्वजनिक वापराच्या इमारतींवर, सेवांवर आहे. खासगी फ्लॅटच्या मालकाने भाडेकरूसाठी बाथरूम बदलून द्यावं, असं त्यातून सरळ वसूल करता येत नाही. दुसरीकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ मध्ये मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायम स्वरूपाचं बांधकाम करणं हे भाडेकरूकडून जागा काढून घ्यायचं कारण ठरू शकतं. तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा असणार. त्यात ‘बदल करायचे नाहीत’ असं कलम असतंच, काढून वाचा. म्हणजे एकही भोक त्यांच्या लेखी होकाराशिवाय नको. आणि वकिलाची नोटीस पाठवून मिळवलेल्या होकारावर तुम्ही चार महिन्यांनी पुढचा करार कसा करणार?

काकांना भीती गळतीची आहे, आणि ती खोटी नाही. खालच्या घराच्या छतावर ओल आली की वर्षभर भांडणं चालतात, हे पुण्यात सगळ्यांनी पाहिलंय. पण त्यांच्या डोळ्यांसमोर ‘बाथरूमचं काम’ म्हणजे घमेली, सिमेंट, फोडलेली फरशी असणार. तुम्हाला फरशीला हातही लावायचा नाही. वॉटरप्रूफिंग फरशीखाली आणि भिंतीच्या तळाशी असतं, आपले बार त्याच्या बरेच वर. हे फोनवर सांगू नका, फोनवर माणूस आधी ‘नको’ म्हणतो. शक्य असेल तर साताऱ्याला एकदा जाऊन या, नाहीतर लिहून पाठवा. मी असं लिहीन:

‘काका, नमस्कार. ह्यांना घरी येऊन काही महिने झाले. अजून शौचाला उचलून न्यावं लागतं. बाथरूम वापरता यावं म्हणून पुढच्या गोष्टी करायच्या आहेत. फरशी, पट्टी, नळ, ड्रेनेज यांना हात लागणार नाही. दार काढून माळ्यावर ठेवू, जाताना बसवून देऊ. दोन उतार नुसते ठेवलेले असतील. भिंतीत फक्त बारा भोकं, जमिनीपासून दोन फुटांच्या वर, सिलिकॉनने बंद केलेली. काम तुमच्या ओळखीच्या प्लंबरसमोर करू. आधीचे फोटो सोबत आहेत. घर सोडताना बार काढून भोकं बुजवून देऊ, त्या टाइल्स खराब झाल्या तर बदलून देऊ, ती रक्कम डिपॉझिटमधून कापावी. हे सगळं करारात लिहून घेऊया. आणि आम्हाला इथेच राहायचंय, तेव्हा या वेळी करार तीन वर्षांचा करावा अशी विनंती.’

शेवटचं वाक्य गाळू नका. लिव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचंच असतं असं नाही, महाराष्ट्रात साठ महिन्यांपर्यंत करतात. बाहेरगावी राहणाऱ्या मालकाला तीन वर्षं भरवशाचा भाडेकरू मिळणं ही बारा भोकांपेक्षा मोठी गोष्ट आहे. करार नोंदणीकृत हवा, तो तसा करणं कायद्याने मालकाची जबाबदारी आहे, आणि बदलांची यादी त्याच कागदात यावी.

काका तरीही नाही म्हणाले तर? बार सोडून बाकी सगळं करा. दार काढण्यापुरता त्यांचा होकार व्हॉट्सॲपवर तरी घ्या. खुर्ची, उतार, पडदा, हँड शॉवर, घंटा यांत त्यांच्या घराचं काहीच बिघडत नाही, आणि घर बदललंत तर हे सगळं बरोबर येतं. बारांशिवाय ते धुताना झुकायला खुर्चीच्याच हातांचा आधार घेतील, म्हणून हात न हलणारे, पक्के असलेली खुर्ची निवडा. घर बदलायची घाई आत्ता नको. नवीन घरातही दारं बहुधा सव्वादोन-अडीच फुटांचीच भेटतील. बघायला जाल तेव्हा टेप बरोबर ठेवा, आणि रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत ते आधी मोजा.

पैशांचं थोडक्यात. त्यांचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, झालं नसेल तर सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. त्यावर केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेत साहित्य मिळतं, असं साहित्य बनवणाऱ्या कानपूरच्या ‘अलिम्को’ या सरकारी कंपनीच्या शिबिरांतून ते वाटलं जातं. महापालिकेच्या समाज विकास विभागातही विचारा. पण यासाठी थांबू नका, शॉवर खुर्ची आधी आणा.

आणि त्यांना दुसऱ्या व्हीलचेअरवरच्या माणसाशी बोलू द्या. केंद्रातल्या कुणाचा नंबर असेलच. कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी उभं केलेलं ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही दिव्यांगांसाठीची संस्था आहे, जमलं तर एकदा जाऊन या. पट्टीवरून खुर्ची कशी काढायची, पाणी कसं आणि कधी प्यायचं, शौचाची वेळ कशी बांधायची, हे तुमच्याकडून किंवा माझ्याकडून ऐकण्यापेक्षा रोज तेच करणाऱ्याकडून ऐकलेलं त्यांना पटेल.

काही विकत घ्यायच्या आधी या रविवारी एक करा. हॉलमधलं टेबल बाजूला सारा आणि फरशीवर खडूने बाथरूम आखा, खऱ्या मापाचं. दाराची जागा, कमोड, नळ, बेसिन, जाळी. कमोडच्या जागी तेवढ्याच आकाराचं खोकं ठेवा. मग त्यांना त्यांच्या खुर्चीत तिथे येऊ द्या आणि खडू त्यांच्या हातात द्या. बार कुठे हवा, मग कुठे, टॉवेल कुठे, घंटा कोणत्या हाताला, हे त्यांनी आखायचं. तुम्ही फक्त टेप धरायची. त्या आखणीचा फोटो आणि कमोडची ती तीन मापं मला पाठवा, टाकी मागच्या भिंतीपासून किती पुढे आलीय तेही मोजा. खुर्ची कोणती बसेल ते मी बघून कळवते.